इंदूमावशीचा डावा कान

इंदूमावशींच्या डाव्या बाजूला बसायचं नाही, हे आमच्या सोसायटीत नव्यानं राहायला आलेल्या माणसालाही थोड्या दिवसांत कळायचं. भजनी मंडळात सतरंजीवर त्या बसल्या की डावीकडे एका माणसाची जागा आपोआप सुटलेली असायची. एखादी नवखी बाई तिथं टेकायला गेलीच, तर मावशी त्या जागेवर हात ठेवून म्हणायच्या, "इकडं उजवीकडं ये गं बाई. तो कान गेलाय माझा." रिक्षातही तेच. आम्ही दोघी-तिघी उजवीकडे दाटीवाटीनं, आणि मावशींच्या डावीकडे त्यांची पिशवी ऐसपैस. गंगापूर रोडच्या खड्ड्यांतून एकमेकींच्या अंगावर आदळत जाताना मी एकदा वैतागून म्हटलं, "मावशी, ती पिशवी मांडीवर घ्या की. मी बसते तिकडं." त्या म्हणाल्या, "पिशवी जागा धरायला ठेवलीय," आणि पुढं रिक्षावाल्याला, गाडी जरा माणसासारखी चालव, म्हणून सुनवायला लागल्या.

मी शाळेत गणित शिकवते. दोन आणि दोन चार झाल्याशिवाय मी पुढच्या पायरीवर जात नाही, आणि अंगात येणाऱ्या बायांपासून तर मी चार हात लांबच राहते. मावशींच्या अंगात कधी काही आलं नाही. बुटक्या, गोलमटोल, कडक इस्त्रीची सुती साडी, तोंडात सतत काहीतरी, बहुतेक चिवडाच. जीभ तिखट. कुणाच्या सुनेला पोहे करायला शिकवताना तिचं कौतुक करतील आणि त्याच दमात कुणाच्या सासूची खरडपट्टी काढतील. लहानपणी गोवर निघाला, त्यात डावा कान गेला, असं त्या सांगायच्या. पण बहिरा म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "दार बंद आहे गं, भिंत नाही घातलेली. बंद दारावर कुणी थाप मारली तर कळतंच की आतल्याला."

त्यांचे यजमान बरीच वर्षं झाली वारले होते. त्यांच्याबद्दल मावशी अशा बोलायच्या, की ऐकणाऱ्याला हसावं का उठून जावं कळायचं नाही. "जिवंतपणी उजव्या कानाशी कटकट, आता डाव्या. माणूस जातो, सवय जात नाही." एवढं बोलून त्या चहात बिस्कीट बुडवायच्या.

पंचवटीत त्यांनी उभा जन्म पेटी शिकवली होती. त्यामुळं नाशकातला गाणारा-वाजवणारा बहुतेक प्रत्येक जण कधी ना कधी त्यांच्यासमोर बसलेला. मग ओघानंच, कुणाच्या घरी लग्न ठरलं की रिसेप्शनला गाण्याचा कार्यक्रम कुणाचा ठेवायचा हे विचारायला लोक त्यांच्याकडं यायचे. मोबाईलवर तुकडे ऐकून कलाकार ठरवणं त्यांना अजिबात मान्य नव्हतं. "साडी अंगाला लावून बघितल्याशिवाय घेता का? मग सूर घराला लावून बघा." कलाकाराला एका दुपारी घरी बोलवायचं, घरातल्यांनी समोर बसायचं, आणि मावशींची खुर्ची दिवाणखान्यात अशी मांडायची की चांगला कान गाणाऱ्याकडं आणि बहिरा कान आतल्या खोल्यांकडं.

गाणं सुरू व्हायच्या आधी त्यांचा एकच प्रश्न असायचा. "घरातलं कोण राहिलं विचारायचं?"

लोक म्हणायचे, आजी झोपलीय, धाकटा कॉलेजला गेलाय. मावशी मान हलवायच्या आणि डोळे मिटायच्या. गाणं चालू असताना मध्येच भुवया वर जायच्या, कधी ओठांच्या कोपऱ्यात हसू यायचं, आणि नेमकं तेव्हा गाण्यात हसण्यासारखं काही नसायचं. शेवटी निकाल. हा चालेल, ही नको. कारण विचारलं की म्हणायच्या, "ऐकलं तेवढं सांगितलं. पुढचं विचारू नका."

आमच्या वरच्या मजल्यावर पाटकर म्हणून राहायचे. त्यांनी मुलाच्या रिसेप्शनला दणदणीत वाद्यवृंद ठरवला होता. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाकी झकास. फक्त ढोलकी नको. घरात एकाला सोसत नाही." पाटकर पोट धरून हसले. म्हणाले, मावशी, आमच्या घरात सगळे ढोलकीवर नाचणारे. रिसेप्शनला पहिल्याच गाण्यात ढोलकीची पुडी फाटली. वाजवणाऱ्यानं दुसरी ढोलकी घेतली, तिचंही तेच झालं. तो बिचारा हात पुसत राहिला आणि पुन:पुन्हा सांगत राहिला, की साहेब, कालच नवीन चढवलीय. तेव्हा दिंडोरीहून आलेली पाटकरांची म्हातारी बहीण खाली बसून रडायला लागली. त्यांचा एक थोरला भाऊ डोक्याच्या आजारानं तरणाच गेला होता. गावात कुठं ढोलकी वाजली तरी तो डोकं गच्च धरून कोपऱ्यात बसायचा. पाटकर तेव्हा रांगत होते, त्यांना काय आठवणार.

ढोलकीची पुडी हवेतल्या ओलीनं फाटते, असं मी तेव्हा म्हणाले होते. दिवस मे महिन्याचे होते, हे मला कुणीतरी दाखवूनही दिलं.

त्यानंतर मावशींच्या दारात नको ती माणसंही यायला लागली. एक कुटुंब आलं, आजोबांनी मळ्याची वाटणी कशी करायला सांगितली होती ते विचारून द्या म्हणे. मावशींनी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. "मी काय टेलिफोन आहे? फिरवा नंबर, लावा आजोबा. चला, निघा." दार लावून आत आल्या आणि मला म्हणाल्या, "सुमन, वऱ्हाडाला जेवण लागतं आणि गेलेल्यांना सूर लागतो. वाटण्या बिटण्या त्यांना काही नको असतात. लोकांना उगीच वाटतं." तेव्हा आम्ही दोघी वाटाणे सोलत होतो. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि टरफल डावीकडं रिकाम्या जागेत न टाकता, मुद्दाम वळून, उजवीकडच्या ताटलीत टाकलं. असल्या गोष्टी मला दिसायच्या. मी त्यांची बेरीज मात्र करत नव्हते.

मग आमच्या गौरीचं लग्न ठरलं.

गौरी माझी मुलगी. म्हणजे मी तिला वाढवलं. अरुणची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, पहिली बायको ललिता, इगतपुरीची. गौरी जेमतेम बोलायला लागलेली असताना ती तापानं गेली. नंतर मी या घरात आले. आमच्यात रीत आहे तशी सासूबाईंनी लग्नातच माझ्या गळ्यात ललिताच्या नावाचा टाक घातला, चांदीचा, नखाएवढा, त्यावर बाईची आकृती. सवतीचा टाक म्हणतात त्याला. दुसरी आली तरी पहिलीचा मान राहावा, तिनं रुसू नये, म्हणून घालायचा. मी तो कधी काढला नाही. आणि खरं सांगायचं तर कधी विसरलेही नाही. आंघोळीच्या वेळी तो गार पडायचा आणि छातीला लागायचा, तेव्हा दरवेळी मनात यायचं, की ही पोर हिची. माझ्याकडं नुसती ठेवायला दिलीय, आणि ठेव कधी ना कधी कुणीतरी मागतं.

गौरीला तिची आई अजिबात आठवत नव्हती. अरुण ललिताचं नाव काढत नसे. मीही नाही.

रिसेप्शनच्या गाण्यावरून घरात नेहमीसारखा गोंधळ. गौरीला गिटारवाली मुलं हवी होती, अरुणला जुनी सिनेमाची गाणी, व्याह्यांना डीजे. प्रत्येकाला विचारून झालं, आणि मी मावशींना बोलावलं. पहिल्या दुपारी गिटारवाली मुलं आली. चांगली गायली हो. मावशी आतल्या खोल्यांकडं कान करून बसलेल्या, त्यांनी नाही म्हणून मान हलवली. दुसऱ्या दुपारी एक गायिका आली, गळा गोड, पण पुन्हा नकार. अरुण भडकला. "मावशी, लग्न आमच्या मुलीचं आहे की तुमच्या कानाचं?"

"मला काय पडलंय, अरुण," त्या शांतपणे म्हणाल्या. "निरोप येतो, मी पोचवते. तुम्ही सगळ्यांना विचारलंत. हिला विचारलंत का?" आणि पुढं वाकून त्यांनी माझ्या गळ्यातल्या टाकावर बोट ठेवलं.

अरुण उठून गॅलरीत गेला. मी टाक पदराखाली सारला.

त्याच आठवड्यात मावशींनी मालेगावच्या रफिकभाईंना बोलावलं. रफिकभाई क्लॅरिनेट वाजवायचे, साधा अबोल माणूस, सकाळच्या एसटीनं आलेले. गौरी ऑफिसला गेली होती. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते. बाहेर त्यांनी वाद्य जुळवलं, दोन-चार सूर काढले. मग मावशींचा आवाज आला, "थांब रफिक. असं वाजव." आणि त्या गुणगुणायला लागल्या.

मला आधी वाटलं, गौरी परत आली.

ते गाणं मला ठाऊक होतं. मी या घरात आले तेव्हा छोटी गौरी रात्री दचकून उठायची, थरथरायची, आणि डोळे मिटून स्वत:शीच एक ओळ म्हणत बसायची. "पुढचं इंजिन ओढी गं, घाट मोठा भारी." मध्येच गाडीच्या शिट्टीसारखा एक लांब सूर. तिला पुढची ओळ येत नव्हती, तिथं आली की रडायला लागायची. मग मीच एक जुळवली, "झोप माझ्या सोन्या गं, रात झाली सारी," आणि तिला मांडीवर घेऊन तेच म्हणत राहिले. पुढं तिचं दचकणं थांबलं, गाणंही थांबलं. या सोसायटीत आम्ही फार नंतर आलो. मावशींची ओळख त्याहून नंतरची. ते गाणं त्यांच्या कानावर पडायचा काही प्रश्नच नव्हता.

मी चहाचं पातेलं तसंच सोडून दारात आले. मावशी डोळे मिटून, डावीकडं किंचित कलून गात होत्या, कुणी कानात सांगावं आणि आपण मागून म्हणावं तसं, अडखळत. पहिली ओळ झाली. शिट्टीचा सूर झाला. मग त्या माझ्या ओळीवर आल्याच नाहीत.

"मागचं इंजिन ढकली गं, पोचली गाडी घरी."

अरुण सोफ्याच्या हाताला धरून उभा राहिला. "तिचे वडील रेल्वेत होते," तो म्हणाला, कुणाकडंही न बघता. "कसाऱ्याला गाडीला मागून इंजिन लागतं. घाट चढवून दिला की इगतपुरीला सुटतं. ती पोरीला हेच म्हणायची. मावशी, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मावशींनी डोळे उघडले आणि रफिकभाईंना म्हणाल्या, "हेच वाजवायचं. बाकी तुझ्या मनानं."

मी त्यांना हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. मला राग आला होता आणि भीतीही वाटत होती. मी म्हटलं, "मावशी, ती काय मागतेय? माझी पोर आता सासरी चाललीय. आता या वयात मी काय परत करू तिला?"

मावशींनी माझ्या गालाला हात लावला. त्यांचा हात चिवड्याच्या हळदीनं पिवळा झालेला होता. "मागत नाही गं ती काही. विचारतेय."

"काय?"

"पोरगी रात्री दचकून उठायची, ते थांबलं का म्हणून."

मावशी म्हणाल्या, "मला नको सांगू. तिला सांग," आणि त्यांनी डावा कान माझ्याकडं केला. त्यांच्या पांढऱ्या केसांखाली तो कान, लहानसा, कुडी घातलेला, माझ्यापासून वीतभर अंतरावर. समोर कुणीतरी उत्तराची वाट बघत उभं आहे, हे मला इतकं स्पष्ट जाणवत होतं, की मी एक पाऊल मागं सरले. मावशींनी स्वत:च चहा गाळला.

रिसेप्शन गंगापूर रोडच्याच एका लॉनवर होतं. हिवाळ्याचे दिवस, संध्याकाळपासून नदीकडून गार वारा. मावशी स्टेजसमोर पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि त्यांच्या डावीकडची खुर्ची रिकामी होती. पाहुण्यांची एवढी गर्दी, लोक उभे राहून गप्पा मारत होते, पण त्या खुर्चीवर कुणी बसलं नाही. एक गृहस्थ बसायला वाकले, मग माफ करा म्हणून सरळ झाले आणि पुढं गेले. मावशी तेव्हा तिकडं बघतही नव्हत्या. थोड्या वेळानं अरुण आला. खिशातून अबोलीचा गजरा काढून त्यानं त्या खुर्चीवर ठेवला आणि तसाच पाहुण्यांत निघून गेला. त्यानं तो कधी घेतला, मला माहीत नव्हतं.

रफिकभाईंनी ते गाणं सुरू केलं, तेव्हा स्टेजवर गौरी आणि जावई शुभेच्छा घेत उभे होते. एका आत्याबाईंनी गौरीच्या हातात पाकीट ठेवलं आणि गौरी ते धरायचंच विसरली. पाकीट खाली पडलं. मी खालून बघत होते. माझ्या मनात एकच, की हिला आता ती आठवणार. माझ्या डोळ्यांदेखत आठवणार. शिट्टीचा तो लांब सूर आला आणि गौरी स्टेजच्या कडेला आली, गर्दीत कुणाला तरी शोधायला लागली. मला बघितल्यावर तिचा चेहरा फुलला. "आई," ती वरूनच ओरडली, "अगं, हे तर तुझं गाणं."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पदर तोंडाला लावून उभी राहिले. मावशींकडं लक्ष गेलं तर त्या डावीकडच्या खुर्चीकडं वळून, मान डोलवत, गालातल्या गालात हसत होत्या.

जेवणं आटोपल्यावर रफिकभाई निघताना माझ्यापाशी आले. वाद्याची पेटी छातीशी धरली होती. "मॅडम, एक बात सांगू? तो लांब सूर आहे ना, तिथं मी साँस घेतली. वाद्य तोंडापासून बाजूला केलं होतं. सूर चालूच होता. मैंने नहीं बजाया." मग सलाम करून गेले. पुढं एक-दोन लग्नांसाठी मी त्यांना फोन केला, पण ते नाशकात वाजवायला पुन्हा आले नाहीत.

यावर बोलायला मी नंतर मावशींकडं गेले, तर त्यांनी नेहमीसारखं उडवून लावलं. "ऐकलं तेवढं सांगितलं." माझ्यापुरतं मात्र एक झालं. टाक आंघोळीला गार लागायचा तो लागतच राहिला, पण ठेव कुणी मागेल ही धास्ती गेली. तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं, एवढी एकच टोचणी होती. द्यायला किती सोपं उत्तर, आणि मी पाऊल मागं घेतलं होतं.

मागच्या वर्षी मावशी आजारी पडल्या. त्यांच्या भाचीनं त्यांना स्वत:कडं नेलं. एका सकाळी मी भेटायला गेले, चिवडा घेऊन. पलंगावर अगदी एवढ्याशा दिसत होत्या. मी सवयीनं उजवीकडं स्टूल ओढलं आणि हाक मारली. त्यांनी ऐकलं नाही. मोठ्यानं मारली, तरी नाही. भाची म्हणाली, "मावशीचा तो कान पण गेला हो. आता काही ऐकू येत नाही."

तेवढ्यात मावशींनी डोळे उघडले. मला ओळखलं. आणि पलंगाच्या डाव्या अंगाला, भिंतीकडच्या जागेवर, हळूच थापटलं. "इकडं ये, सुमन. आता हाच चालतो."

इतक्या वर्षांत त्या जागेवर मी कुणाला बसलेलं बघितलं नव्हतं. मी भिंत आणि पलंग यांच्यामध्ये अंग चोरून शिरले आणि कडेला टेकले. ती जागा उबदार होती, कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी. पळून जावंसं वाटलं, अगदी खरं सांगते. पण मी वाकले. त्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "थांबलं हो तिचं दचकणं. शाळेत जायला लागली आणि थांबलं. आता शांत झोपते. तिच्या पोटातही आता…"

मावशींनी कपाळाला आठ्या घातल्या आणि हात वर करून मला थांबवलं, वर्गात दोन पोरी एकदम उत्तर द्यायला लागल्या की मी थांबवते, तसं.

"एकेकीनं बोला गं," त्या म्हणाल्या. "दोघी एकदम बोललात तर मला काही कळत नाही."

खोलीत कसलाही आवाज नव्हता. भाची दारात उभी होती, तिनं माझ्याकडं बघितलं. मी टाकावर हात ठेवला आणि गप्प बसले. आधी तिला बोलू दिलं.